गर्भजल काय सांगते? बाळाच्या मेंदू-मणक्यातील व्यंग आणि आईची गोळी

सोनोग्राफी करून आलेली गर्भवती रिपोर्टचा कागद टेबलावर ठेवते आणि बहुधा पहिला प्रश्न विचारते, "डॉक्टर, पाणी बरोबर आहे ना?" सोबत आलेल्या सासूबाईंनाही तेच हवे असते. पाणी कमी आहे म्हटले की घरात काळजी सुरू होते, पाणी जास्त आहे म्हटले की शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. पण हे पाणी येते कुठून, त्यात असते काय आणि डॉक्टर त्याला एवढे महत्त्व का देतात, हे फारसे कोणी विचारत नाही. या आठवड्यात आपण या गर्भजलाची ओळख करून घेऊ. ती करताना एका अशा व्यंगाची माहिती घ्यावी लागेल, जे आईला आपल्याला दिवस गेले आहेत हे कळण्याच्या सुमारासच ठरून जाते आणि जे पुष्कळ प्रमाणात टाळता येते.

गर्भजल म्हणजे नुसते पाणी नव्हे

गर्भाशयात बाळाभोवती जी पातळ पिशवी असते, तिला आपल्याकडे पाणमोट म्हणतात. या पाणमोटीतील द्रव म्हणजे गर्भजल. चौथ्या महिन्यात, म्हणजे साधारण सोळाव्या आठवड्यात, ते पावशेर दुधापेक्षाही कमी, सुमारे २०० मिलिलिटर असते. पुढे वाढत वाढत आठव्या महिन्याच्या सुमारास ते ८०० मिलिलिटर ते एक लिटरपर्यंत जाते आणि दिवस भरताना पुन्हा थोडे कमी होते.

सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची त्वचा फार कोवळी असते. तिच्यातून पाणी आणि क्षार सहज आरपार जातात. त्यामुळे त्या काळातील गर्भजल रक्तातील पातळ द्रवासारखेच असते. पाचव्या महिन्यानंतर त्वचा जाड होते, हा मार्ग बंद होतो आणि गर्भजलात मुख्य भर पडते ती बाळाच्या लघवीची. हे वाचून कोणाला किळस वाटण्याचे कारण नाही. पोटातील बाळाच्या रक्तातील टाकाऊ पदार्थ बाहेर टाकण्याचे काम वारेमार्फत आईचे शरीर करते. बाळाची लघवी म्हणजे बहुतांशी पाणीच. दिवस भरत आले की बाळ रोज अर्ध्या लिटरहून अधिक लघवी करते आणि बरेचसे पाणी पुन्हा गिळते. एका बाजूने नळ चालू आणि दुसऱ्या बाजूने मोरी चालू, म्हणून हौदाची पातळी स्थिर राहते. बाळाची मूत्रपिंडे तयार झाली नसतील तर पाणी कमी पडते. बाळाला गिळता येत नसेल तर पाणी साचून वाढते. मेंदूच अपुरा असलेल्या बाळाभोवती पुढच्या महिन्यांत पाणी फार वाढते, त्याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

म्हणजे गर्भजल हे बाळाच्या शरीराचा आरसा आहे. त्यातील रसायने मोजून पोटातील बाळाचे बरेच काही कळू शकते, हे डॉक्टरांच्या लक्षात आले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. १९५२ साली इंग्लंडमध्ये बेव्हिस यांनी आणि १९६१ साली न्यूझीलंडमध्ये लायली यांनी गर्भजलातील बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्यावरून एक गोष्ट ओळखून दाखवली. आर. एच. निगेटिव्ह आईच्या पोटातील बाळाचे रक्त किती वेगाने नष्ट होत आहे, हे त्यावरून कळू लागले. १९७१ साली अमेरिकेत ग्लक यांनी लेसिथिन आणि स्फिंगोमायलिन या दोन स्निग्ध पदार्थांच्या प्रमाणावरून बाळाची फुप्फुसे श्वास घेण्याइतकी तयार झाली आहेत की नाहीत, हे सांगण्याची पद्धत दिली. आणि १९७२ साली एडिंबरो येथील ब्रॉक आणि सटक्लिफ यांनी दाखवले की ज्या बाळांच्या मेंदू किंवा मणक्यात उघडे व्यंग असते, त्यांच्या गर्भजलात एक विशिष्ट प्रथिन फार वाढलेले असते. आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

अठ्ठावीस दिवसांचे काम

मेंदू आणि मज्जारज्जू हे दोन्ही सुरुवातीला एका नळीच्या रूपात तयार होतात. तिला मज्जानलिका म्हणू. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि करंजीच्या कडा मिटाव्यात तशा मिटतात. मिटण्याची सुरुवात मधल्या भागात होते आणि ती वर-खाली सरकत जाते. डोक्याकडचे टोक साधारण पंचविसाव्या दिवशी आणि खालचे टोक अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत बंद होते.

वरचे टोक उघडे राहिले तर कवटीचा वरचा भाग आणि मेंदूचा मोठा हिस्सा तयारच होत नाही. याला ॲनेनकेफली म्हणतात. असे बाळ पोटातच दगावते किंवा जन्मानंतर काही तासांत, फार तर काही दिवसांत जाते. त्यावर उपचार नाही. खालचा भाग उघडा राहिला तर मणक्याच्या कमानी जुळत नाहीत आणि मज्जारज्जू पाठीवर उघडा पडतो किंवा पातळ पिशवीसारखा बाहेर येतो. याला स्पायना बायफिडा म्हणतात. ही बाळे जगू शकतात, परंतु अनेकांचे पाय लुळे राहतात, लघवी-शौचावर ताबा राहत नाही आणि डोक्यात पाणी साचते. तिसरा प्रकार कवटीच्या फटीतून मेंदूचा भाग बाहेर येण्याचा. तो तुलनेने कमी आढळतो.

भारतात हे दोष किती? निरनिराळ्या रुग्णालयांतील व गावांतील पाहण्या एकत्र करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हे प्रमाण दर हजार जन्मांमागे सरासरी चारच्या आसपास आहे. हजारात चार हा आकडा लहान वाटतो. पण वर्षाला हजार बाळंतपणे होणाऱ्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी तो म्हणजे दर तीन महिन्यांना एक घर.

आता एक साधा हिशोब करा. पाळी नियमित असेल तर गर्भधारणा पाळीनंतर साधारण चौदाव्या दिवशी होते. त्यात अठ्ठावीस मिळवा. शेवटच्या पाळीपासून बेचाळीस दिवस झाले. पाळी चुकते अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या दिवशी. म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत मज्जानलिका मिटली तरी असते किंवा उघडी राहिली तरी असते. आपल्याकडे तीन महिने पूर्ण होईपर्यंत बातमी बाहेर फोडू नये, असा रिवाज आहे. कित्येक घरांत डॉक्टरकडेही तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच जायचे ठरते. तोपर्यंत या बाबतीतला निकाल केव्हाच लागलेला असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

प्रथिन पाण्यात कसे उतरते?

मोठ्या माणसाच्या रक्तात जसे अल्ब्युमिन असते, तसे पोटातील बाळाच्या रक्तात अल्फा फीटो प्रोटीन नावाचे प्रथिन असते. थोडक्यात त्याला ए. एफ. पी. म्हणतात. ते प्रथम गर्भाच्या पीतककोशात आणि नंतर यकृतात तयार होते. बाळाच्या रक्तात ते भरपूर असते. लघवीवाटे थोडेसे गर्भजलात उतरते. त्याचे प्रमाण बाळाच्या रक्ताच्या सुमारे शंभरावा हिस्सा. गर्भजलातून आणि वारेतून अगदी किंचित आईच्या रक्तात जाते. तेथे ते गर्भजलापेक्षाही शेकडो पटींनी कमी असते.

बाळाची त्वचा सलग असेल तर ही व्यवस्था सुरळीत चालते. पण पाठीवर किंवा डोक्यावर उघडी जागा असेल तर तेथील नाजूक रक्तवाहिन्यांतून हे प्रथिन थेट गर्भजलात झिरपते. गर्भजलातील पातळी अनेक पटींनी वाढते आणि तिच्यामागोमाग आईच्या रक्तातीलही वाढते. मडक्याला बारीक तडा गेला तर बाहेरची माती ओली होते, तसाच हा प्रकार आहे. ओली माती पाहून तडा आहे असे कळते. पण कुठे आहे आणि किती मोठा आहे, हे मडके पाहिल्याशिवाय कळत नाही.

या तपासणीच्या मर्यादाही याच कारणातून निघतात. मणक्यातील व्यंगावर त्वचेचे आवरण असेल तर प्रथिन झिरपत नाही आणि तपासणी निर्दोष येते. उलट बाळाच्या पोटाच्या भिंतीत फट असेल तरीही प्रथिन झिरपते आणि पातळी वाढते. जुळी बाळे असतील तर आईच्या रक्तातील पातळी स्वाभाविकच जास्त असते. सर्वांत मोठा घोटाळा तारखेचा. आईच्या रक्तातील ही पातळी आठवड्यागणिक वाढत असते. म्हणून पंधरा आठवड्यांची समजून तपासलेली गर्भवती प्रत्यक्षात अठरा आठवड्यांची असली तर निरोगी बाळ असूनही आकडा मोठा दिसतो. शेवटच्या पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, असे आम्ही डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतो, ते उगीच नव्हे.

आकडा वाढला म्हणजे व्यंग असतेच का?

याचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. १९७७ साली ब्रिटनमधील अनेक केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सोळा ते अठरा आठवड्यांच्या दरम्यान आईच्या रक्तातील ए. एफ. पी. नेहमीच्या मध्यम पातळीच्या अडीच पट किंवा अधिक असेल तर ते 'वाढलेले' धरले, तर ॲनेनकेफलीची शंभरपैकी ८८ आणि उघड्या स्पायना बायफिडाची शंभरपैकी ७९ बाळे ओळखू येत होती. पण निरोगी बाळ असलेल्या शंभरपैकी सुमारे तीन मातांचाही आकडा याच रेषेच्या वर जात होता.

हे आपल्याकडे लावून पाहू. हजार गर्भवती घ्या. त्यांतील चौघींच्या बाळांत व्यंग आहे असे धरा. तपासणी त्यांतील तीन-साडेतीन पकडेल. पण उरलेल्या ९९६ निरोगी गर्भांपैकी तीसेक मातांचाही रिपोर्ट 'जास्त' येईल. म्हणजे 'जास्त' आलेल्या दर दहा-अकरा जणींपैकी एकीच्याच बाळात खरोखर व्यंग असेल. म्हणून रक्ताच्या एका कागदावर विसंबून कोणताही निर्णय घ्यायचा नसतो. रिपोर्ट हातात पडताच घाबरून गर्भपाताची चौकशी करणारी जोडपी असतात. त्यांना माझे एवढेच सांगणे असते की हा रिपोर्ट म्हणजे निकाल नाही, पुढची तारीख आहे.

पुढची पायरी पूर्वी गर्भजल काढून तपासण्याची होती. पोटाची त्वचा निर्जंतुक करून, सोनोग्राफीवर पाहत, बारीक लांब सुईने सुमारे २० मिलिलिटर पाणी काढतात. ही तपासणी साधारण सोळाव्या आठवड्याच्या सुमारास करतात. त्यात ए. एफ. पी. मोजतात. १९७९ सालापासून त्याला आणखी एका रसायनाची जोड मिळाली. ॲसिटाइलकोलिनएस्टरेज हे मज्जापेशींतील विकर. मज्जारज्जू उघडा असेल तर ते गर्भजलात उतरते आणि प्रयोगशाळेतील जेलवर त्याचा वेगळा पट्टा उमटतो. ए. एफ. पी. वाढलेले आणि हा पट्टाही दिसतो, असे दोन्ही जमले तर उघड्या व्यंगाची शंका पक्की होते. सुईबरोबर बाळाचे रक्त नमुन्यात मिसळले तर मात्र फसगत होऊ शकते, हे प्रयोगशाळेला ध्यानात ठेवावे लागते.

आज ही जागा बऱ्याच अंशी सोनोग्राफीने घेतली आहे. कवटी तयार न झालेली अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातील तपासणीतच दिसू शकते. मणका अठराव्या ते विसाव्या आठवड्यात नीट पाहता येतो. १९८६ साली लंडनच्या निकोलाइडिस आणि सहकाऱ्यांनी स्पायना बायफिडाच्या दोन खुणा दाखवून दिल्या. कवटीचा कपाळाकडचा भाग दोन्ही बाजूंनी दबून लिंबासारखा दिसतो आणि लहान मेंदू मागे ओढला जाऊन केळ्यासारखा वाकतो. तेव्हापासून मणक्यातील व्यंग डोक्याच्या चित्रावरूनही ओळखू येऊ लागले. म्हणून पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी चुकवू नये. ती 'बाळ बघायची' हौस नसून डोक्यापासून पायापर्यंतची तपासणी असते. सोनोग्राफीत शंका राहिली तर गर्भजलाची रसायने आजही मदतीला येतात.

पाण्याची तपासणी आणि आपली बदनामी

गर्भजल तपासणी म्हटले की आपल्याकडे लोकांचे कान टवकारतात, कारण महाराष्ट्रात तिचे नाव एके काळी भलत्याच कारणाने झाले. व्यंग शोधण्यासाठी निघालेली ही पद्धत मुलगी आहे की मुलगा हे पाहण्यासाठी आणि मुलगी असल्यास गर्भ पाडण्यासाठी राजरोस वापरली गेली. तिच्याविरुद्ध स्त्री संघटनांनी लढा दिला आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशात प्रथम यासाठी स्वतंत्र कायदा केला. पुढे १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला आणि २००३ साली आणखी कडक झाला. लिंग सांगणे आणि विचारणे हे दोन्ही गुन्हे आहेत.

परंतु याच कायद्याने योग्य कारणासाठी तपासणीला परवानगी दिली आहे. आईचे वय पस्तिसाच्या वर असणे, पूर्वी दोन किंवा अधिक वेळा गर्भपात होणे, घातक औषधांशी किंवा किरणांशी संबंध येणे, कुटुंबात आनुवंशिक आजार किंवा मतिमंदत्व असणे अशी ती कारणे आहेत. नोंदणी असलेल्या केंद्रात, लेखी संमतीने ती होते. तज्ज्ञ हातांनी केल्यास तिच्यामुळे गर्भपात होण्याचा धोका शंभरात एकाहूनही कमी असतो. आई आर. एच. निगेटिव्ह असेल तर त्यानंतर अँटी-डी इंजेक्शन घेणे विसरू नये.

दोष ग्रहणाचा नाही, सुनेचा तर नाहीच

असे बाळ जन्मले की घरात पहिला प्रश्न उठतो, 'हिने काय केले?' ग्रहणात भाजी चिरली, विळी हातात घेतली, काही ओलांडले, अशी यादी निघते. माझ्याकडे येणाऱ्या एका घरात थोरल्या सुनेच्या पहिल्या बाळाला कवटी नव्हती. ते काही तास जगले. सासूबाईंनी मला सरळ विचारले, "ग्रहणात ही बाहेर आली होती, त्याचंच ना हे?" मी पंचांग मागवले. ग्रहण झाले तेव्हा तिला सहावा महिना होता. बाळाची मज्जानलिका त्याच्या चार-साडेचार महिने आधीच मिटायची राहून गेली होती. ज्या आठवड्यात ते घडले, तेव्हा ती रोजच्यासारखी शेतावर जात होती आणि आपल्याला दिवस गेले आहेत हे तिला ठाऊकही नव्हते. सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिचं काही चुकलं नाही?" नाही, तिचे काही चुकले नव्हते.

पुढच्या खेपेला तीन महिने आधीपासून तिला गोळी सुरू केली. सोनोग्राफी निर्दोष आली आणि आता ते मूल शाळेत जाते. गोळीमुळेच हे घडले, असे मी म्हणणार नाही, कारण एक असे बाळ झालेल्या मातांपैकी शंभरात सुमारे तिघींनाच पुन्हा तसे बाळ होते. बाकीच्यांना गोळीवाचूनही निरोगी मूल होते. पण त्या तिघींत आपले नाव असू नये, यासाठी करण्यासारखा एक उपाय आहे आणि तो सिद्ध झालेला आहे.

मुंबईपासून सुरू झालेली गोष्ट

तो उपाय म्हणजे फोलिक ॲसिड. त्याची कथा आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवतींमध्ये एक जीवघेणा पंडुरोग आढळत होता, त्याचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले आणि पानावरूनच त्याला फोलिक ॲसिड हे नाव पडले. १९४५ साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव.

हे जीवनसत्त्व नव्या पेशी तयार होताना गुणसूत्रांतील द्रव्य बनवण्यासाठी लागते. मज्जानलिका मिटताना पेशी झपाट्याने वाढत असतात. तेव्हा त्याची टंचाई पडली तर काम अर्धवट राहते. १९६५ साली लिव्हरपूलच्या हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी अशा बाळांच्या मातांमध्ये फोलिक ॲसिडच्या चयापचयात बिघाड दिसतो, असे नोंदवले. पक्का पुरावा मिळाला १९९१ साली. ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या वतीने सात देशांतील ३३ केंद्रांत, पूर्वी असे बाळ झालेल्या १,८१७ स्त्रियांवर प्रयोग झाला. त्यांतील २७ जणींच्या गर्भात पुन्हा हे व्यंग आढळले. फोलिक ॲसिड घेतलेल्या गटांत ते ६ होते, न घेतलेल्या गटांत २१. म्हणजे धोका ७२ टक्क्यांनी घटला. पुढच्याच वर्षी हंगेरीतील चायझेल आणि दुदाश यांनी, पूर्वी असे बाळ न झालेल्या स्त्रियांनाही याचा उपयोग होतो, हे दाखवले. अमेरिकेने १९९८ सालापासून धान्याच्या पिठात फोलिक ॲसिड मिसळणे सक्तीचे केले.

गोळी कधी आणि किती?

आता तो बेचाळीस दिवसांचा हिशोब आठवा. सरकारी दवाखान्यातून गर्भवतीला मिळणारी लोह आणि फोलिक ॲसिडची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू होते. ती घ्यायलाच हवी. रक्त वाढण्यासाठी ती आवश्यक आहे. पण मज्जानलिकेसाठी तिला फार उशीर झालेला असतो. म्हणून शासनाच्याच ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाच्या सूचनांत, गर्भधारणेपूर्वीपासून पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावे, असे सांगितले आहे. ही गोळी स्वस्त असते. आपल्या आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा.

सुरुवात गर्भधारणेच्या निदान एक महिना, शक्यतो तीन महिने आधी व्हावी. आमच्याकडे लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलावा अशी अपेक्षा असते. मग सोपा नियम करा. लग्नाची सुपारी फुटली की मुलीला गोळी सुरू करा. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर तांबी काढण्याआधी, माळा-डी बंद करण्याआधी सुरू करा.

पुढील स्त्रियांना मात्र जास्त मात्रा लागते आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी:

ज्यांना पूर्वी असे बाळ झाले आहे, किंवा नवरा-बायकोपैकी कोणाला स्वतःला हे व्यंग आहे. त्यांना रोज ४ मिलिग्रॅम सुचवले जाते; बाजारात सहज मिळते ती ५ मिलिग्रॅमची गोळी.

ज्यांना आधीपासून मधुमेह आहे. त्यांनी साखर ताब्यात आणल्यावरच दिवस राहू द्यावेत.

ज्या फिटसाठी औषध घेतात. सोडियम व्हॅलप्रोएट या औषधाने मणक्यातील व्यंगाचा धोका बराच वाढतो. पण औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नये, त्याने फिट येऊन आईच्या जिवावर बेतते. गर्भधारणेआधीच डॉक्टरांना भेटून ते बदलून घ्यावे.

फार स्थूल स्त्रियांतही हा धोका अधिक असतो. त्यांनीही आधी सल्ला घ्यावा.

आहाराचे काय? पालक, मेथी, चवळी, हरभरा, मूग, शेंगदाणे, संत्री यांत हे जीवनसत्त्व असते. पण भाजी जास्त पाण्यात शिजवून पाणी फेकून दिले तर ते बरेच वाया जाते. पालेभाजी जरूर खा, पण गोळीला पर्याय समजू नका. रेशनवरील पोषणयुक्त तांदळाची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली. त्यासाठी ठरवलेले प्रमाण किलोला ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम आहे. रोज पाव किलो तांदूळ खाल्ला तरी गरजेचा लहानसा हिस्साच भरून निघतो.

ब-१२ या जीवनसत्त्वाकडेही लक्ष हवे. ते फोलिक ॲसिडचा जोडीदार आहे; एकाशिवाय दुसऱ्याचे काम अडते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच मिळते. पुण्याजवळच्या गावांत १९९३ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, फोलिक ॲसिड कमी असलेली माता जवळजवळ आढळली नाही, पण दोनतृतीयांश गर्भवतींत ब-१२ कमी निघाले. शाकाहारी घरांनी हे ध्यानात घ्यावे. फोलिक ॲसिडची मोठी मात्रा ब-१२ची कमतरता झाकून ठेवू शकते. रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालू राहते.

व्यंग आढळलेच तर

तपासणी वेळेवर झाली तर विचाराला वेळ मिळतो, हा तिचा खरा फायदा. ॲनेनकेफलीत बाळ वाचत नाही. अशा वेळी कायद्याने मार्ग ठेवला आहे. १९७१च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने आणि गंभीर व्यंग असल्यास त्यानंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात करता येतो. ही दुरुस्ती होण्याआधी, जानेवारी २०१७ मध्ये, मुंबईतील एका तरुणीला ॲनेनकेफलीच्या कारणासाठी चोविसाव्या आठवड्यात थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागले होते. न्यायालयाने तिला परवानगी दिली.

स्पायना बायफिडाचे तसे नाही. व्यंग किती वर आहे, केवढे आहे, यावर बाळाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. जन्मानंतर लवकर शस्त्रक्रिया केलेली कित्येक मुले कुबड्या किंवा चाकाच्या खुर्चीच्या आधाराने शिकतात, कमावतात. २०११ साली अमेरिकेतील एका अभ्यासात, सव्वीस आठवड्यांच्या आत बाळ पोटात असतानाच पाठ शिवल्यास फायदा होतो, असे दिसले. डोक्यातील पाण्यासाठी नळी बसवावी लागण्याचे प्रमाण ८२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आले. असा निर्णय आई-वडिलांनी तज्ज्ञांशी बोलून, शांतपणे घ्यावा. शेजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी घाई करू नये. तपासणीत व्यंग कळले तरी बाळाला मोठ्या शहरातील सुसज्ज रुग्णालयात जन्म देण्याची तयारी करता येते, हेही थोडे नाही.

वाचकहो, गर्भजलाची रसायने मोजणे हे प्रयोगशाळेचे काम आहे. आपल्या हातातले काम त्याहून सोपे आहे. पाळीची तारीख लिहून ठेवणे, पाचव्या महिन्याची सोनोग्राफी वेळेवर करणे आणि दिवस राहण्याच्या आधीपासून रोज एक लहानशी गोळी घेणे, एवढेच ते आहे. आपल्या घरात, भावकीत किंवा शेजारी येत्या हंगामात लग्न ठरले असेल तर रुखवताच्या यादीत या गोळ्यांचे पाकीटही लिहा. आणि एखाद्या घरी असे दुःख आधीच येऊन गेले असेल तर त्या मुलीला दोष न देता पुढच्या खेपेआधी डॉक्टरकडे घेऊन या. त्या भेटीला उशीर करू नका.